दोन हजेऱ्यांचा माणूस

आमच्या फुग्यांच्या कारखान्यात रजेवर जाणारा माणूस "येतो हं ताई" म्हणून निघायचा. फौजी कधी तसा गेला नाही. तो चार्ज द्यायचा. माझ्या टेबलासमोर टाचा जुळवून उभा राहायचा आणि फूलस्केप कागद पुढे करायचा. त्यावर त्याच्या गोलगोल अक्षरात लिहिलेलं असायचं: फावडी दोन. झाडू एक, जुना. तेलाचा कॅन एक, पाऊण भरलेला. पाना बारा नंबरचा एक. चौदा नंबरचा गहाळ, शोध चालू. मांजर एक, काळी, दूध सकाळी. खाली 'दिले' आणि 'घेतले' अशा दोन सह्यांच्या जागा. बॉयलरच्या खोलीतल्या त्या मांजरीचा ताबा मी पाच वर्षांत पाच वेळा सही करून घेतलेला आहे.

फौजी हे काही त्याचं नाव नव्हे, पण हजेरीपट सोडला तर खरं नाव कोणी वापरत नसे. तो आमचा बॉयलर अटेंडंट, आणि त्याच वेळी प्रादेशिक सेनेतला लान्स नायक. ही अर्धवेळची फौज. बाहेर नोकरीधंदा असलेल्यालाच तिथे घेतात. वर्षातले दोन महिने वर्दी चढवायची, बाकीचे दहा महिने आपलं पोट आपण भरायचं. गरज पडली तर मात्र सरकार कधीही बोलावू शकतं. अशा माणसाची जागा मालकाने राखून ठेवावी असा कायदा आहे. त्या कायद्याची झेरॉक्स फौजीने शेठना दिली होती, मला दिली होती आणि गेटवरच्या वॉचमनलाही दिली होती. वॉचमनने ती डब्याखाली घातली.

मी २०१४ साली तिथे कारकून म्हणून लागले. डहाणूजवळ, नरपडच्या पुढे चिकूच्या वाडीत पत्र्याची लांब शेड, तोच कारखाना. साचे रबराच्या दुधात बुडवायचे, वाफेवर पक्के करायचे, मग बायका ते फुगे साच्यांवरून ओढून काढायच्या आणि पावडर लावून पिशव्या भरायच्या. सगळं गाडं त्या वाफेवर चाललेलं, आणि बॉयलरचं सर्टिफिकेट असलेला माणूस एकच, फौजी. माझं ऑफिस बॉयलरच्या खोलीला लागून होतं, मधे एक भिंत. मी चिखल्याहून टमटमने यायचे. घरी वडील लकव्याने अंथरुणाला खिळलेले, कमावणारी मी एकटी. मी जन्माची काळजीवाली. दारावर पोस्टमन दिसला तरी मला आधी वाईटच सुचायचं, आणि त्यातही फौजीचं पत्र तो माझ्याच हातात द्यायचा.

त्याचं कारणही फौजीच. त्याचं घर तलासरीच्या डोंगरपट्टीत, एका पाड्यावर. तिथे पत्र पोहोचायचं ते दुकानदाराच्या गल्ल्यावर दहा दिवस पडून. म्हणून पलटणीला त्याने पत्ता दिला होता कारखान्याचा, मार्फत मी. मोबाइलवर त्याचा विश्वास नव्हता. घरी बायकोकडे एक साधा फोन होता, पण पाड्यावर रेंजच नसे. "फोनवर कोनपन बोलेल, ताई," तो म्हणायचा. "शिक्का दाखवतो का फोन? कागद आला की हुकूम आला."

जेवायला त्याला चार मिनिटं लागत. पाचवं मिनिट लागलं तर तो स्वतःवरच चिडायचा. दाढी रोज, तापाने फणफणलेला असतानासुद्धा दाढी करून आलेला मी त्याला पाहिलाय. लेटेक्सची पिंपं रांगेत नसली तर तो साचेवाल्यांना काही बोलायचा नाही, जाऊन स्वतः सरळ करायचा. दोन दिवसांनी सगळे लाजेने रांगेत ठेवू लागले. बायकांची चहाची रांगही त्याने लावली. "फौजीदादा, आमी काय लढाईला चाललो?" असं म्हणत त्या हसायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या.

पण या माणसाचा जीव कायम दोन ठिकाणी टांगलेला. इथे संध्याकाळी पाच वाजले की बॉयलरसमोर उभा राहून म्हणायचा, "आता तिकडं गिनती चालली असंल." गिनती म्हणजे त्यांची फौजेतली हजेरी. आणि तिकडे कॅम्पला गेला की तिथून मला पोस्टकार्डं. एकात, 'दोन नंबरचे गेज बदलले काय? उलट टपाली कळवावे.' दुसऱ्यात, 'पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकून कळवावे.' पंपाचा आवाज पोस्टकार्डावर कसा कळवायचा हे मला आजतागायत समजलेलं नाही. मी 'ठीक आहे' असं लिहून टाकायचे. ठीक नसलं तरी.

"दोन डगरींवर पाय ठेवनारा माणूस पडतोच रे," शेठ त्याला सुनवायचे. फौजी म्हणायचा, "जी साब," आणि निघून जायचा.

शेठ वाईट नव्हते. दरवर्षी दोन महिन्यांपुरता बाहेरून माणूस आणून त्याला सोडायचे, पण आधी त्यांच्या गुजराती-मराठीत तमाशा व्हायचा. "देशासाठी तर जावंच जोईए, मी क्यां ना पाडतो? पण आवत्या महिन्यात जा ने!" दरवर्षी हेच वाक्य. जणू पलटण म्हणजे शेजारच्या वाडीतलं लग्न, मुहूर्त पुढे ढकलता येईल असं. शिवाय त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता: माल ट्रकमध्ये चढून ट्रक गेटबाहेर पडल्याशिवाय शेठच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही. सरकारी पाकीट आलं, मशीन बिघडलं, कोणाची मयत झाली, सगळं ट्रक जाईपर्यंत थांबायचं. आलेलं पाकीट मी फोडायचे, आवक शिक्का मारून तारीख घालायचे आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचे. ट्रक गेला की बाहेर काढायचे. फौजीचं पत्र म्हणजे शेठसाठी वाईट बातमीच. तेही ड्रॉवरमध्ये जायचं, आणि संध्याकाळपर्यंत दोघांना कळायचं. एका दिवसाने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग आमच्याकडे जमीन हलायला लागली.

२०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले ते थांबेचनात. आधी जमिनीतून धडाम असा आवाज, मग पत्रे थरथरायचे. डोंगरपट्टीतली माणसं घराबाहेर प्लास्टिक बांधून राहू लागली. फौजीची म्हातारी आई आणि बायको अशाच प्लास्टिकखाली. बायकांना धक्क्यापेक्षा बॉयलरची भीती जास्त. जमीन हलली आणि तो फुटला तर? मला तर त्याहून भीती. त्या भिंतीला पाठ लावून मी दिवसाचे आठ तास बसायचे.

फौजीने त्यावर कवायत बसवली. एक शिट्टी: हातातलं टाकायचं. दुसरी शिट्टी: चालत बाहेर, पळायचं नाही, चिकूच्या झाडांखाली उभं राहायचं. मग तो वाफ सोडून, आग झाकून सगळ्यात शेवटी यायचा आणि डोकी मोजायचा. एकतीस बायका. एकदा जोराचा धक्का बसला. आम्ही बाहेर, आणि फौजी मोजतोय तर तीसच. पुन्हा मोजलं, तीसच. त्याचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. तो आत धावला, जो माणूस आम्हाला पळू नका म्हणून बजावायचा तो. मिनिटभराने एका म्हाताऱ्या बाईला दंडाला धरून घेऊन आला. तिच्या कवेत जेवणाचा डबा.

"डब्यात काय होतं, मावशे?" त्याने विचारलं.

"सुकट," ती म्हणाली. "आजच भाजलेली. टाकून येऊ का?"

बायका हसून हसून खाली बसल्या. फौजी हसला नाही. झाडामागे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने वहीत लिहिलं, 'एक डबा सुकटासह सुखरूप.' त्यानंतर बायकांनी शेठना सांगून टाकलं, फौजीदादा बॉयलरवर असेल त्या दिवशीच आम्ही कामावर येणार. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, मीसुद्धा.

आता त्या मार्चबद्दल, जे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

फौजीच्या बाहीवर एक फीत होती. दुसरी मिळाली की तो नायक होणार. त्यासाठी एक परीक्षावजा शिक्षण असतं, त्याला ते केडर म्हणायचे. सहा वर्षं त्याचा नंबर लागत नव्हता. २०१९च्या कॅम्पात लागणार होता आणि वयाच्या हिशोबाने ती शेवटची संधी होती. हे तो शेठना बोलला नाही, मला बोलला. बूट पॉलिश करता करता म्हणाला, "आईनं इचारलं, इतकी वर्सं गेलास, एकच पट्टी? मी म्हटलं, या टायमाला दोन आनतो."

त्याच सुमारास सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर विमानं आणि आरडाओरडा. आणि आमच्याकडे फुग्यांच्या ऑर्डरींचा पाऊस: केशरी, पांढरे, हिरवे. निवडणूकही तोंडावर आलेली, त्यामुळे ज्याला त्याला तिरंगी फुगे हवे होते. शेठनी ऑफिसात मोठा झेंडा लावला, फोन उचलला की जय हिंद म्हणायला लागले. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, पाकीट आलं.

मी ते फोडलं. पुढच्या आठवड्यात बुधवारी हजर व्हायचं होतं. त्यात सीमेचा उल्लेख नव्हता, नेहमीचं प्रशिक्षण आणि केडर, एवढंच. पण मला ते तसं वाचताच येईना. मला टीव्हीवरची विमानं दिसत होती, प्लास्टिकखालची त्याची आई दिसत होती, आणि खरं सांगते, सगळ्यात आधी माझ्या पाठीमागची भिंत दिसत होती. हा गेला तर त्या भिंतीपलीकडे कोण? मी सवयीने शिक्का मारला, तारीख घातली आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. ट्रक गेल्यावर देऊ.

संध्याकाळी ट्रक गेला. मी म्हटलं, हा अर्धाच माल आहे, पूर्ण ऑर्डर शनिवारी जाईल. शनिवारी धक्का बसला, काम बंद पडलं, ट्रक गेला नाही. मग आणखी एका उमेदवाराची ऑर्डर आली. त्या दिवसांत फौजीने मला दोनदा विचारलं, "ताई, माझा कागद?" दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तो "बरं" म्हणून गेला. माझ्या शब्दापुढे त्याने कधी प्रश्न केला नव्हता. रात्री मला झोप नाही, सकाळी ड्रॉवर उघडायची हिंमत नाही. मला असं वाटू लागलं होतं की हे पाकीट दाबून ठेवलं की युद्धही दबेल, भूकंपही दबेल आणि आम्ही सगळे जिथल्या तिथे राहू. शिकलेली बाई मी, पण भीतीपुढे शिक्षण काय करणार?

बुधवार उलटून गेला. शनिवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला, मीच उचलला. पलीकडून हिंदीत कोणी विचारत होतं, लान्स नायक साहब बीमार हैं क्या, अभी तक पहुँचे नहीं. मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. पाचावर धारण बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पाकीट घेऊन मी बॉयलरच्या खोलीत गेले. तो गेजसमोर उभा होता. त्याने हात पुसले, कागद उघडला, वाचला. मग माझ्या शिक्क्यावर अंगठा ठेवला.

"हा तुमचा ना?"

"हो."

"तारीख बराबर हाय?"

"हो."

मी सांगायला लागले, ट्रक, ऑर्डर, भिंत, टीव्ही, सगळं एकात एक. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो ओरडला असता तर फार बरं झालं असतं. त्याने घड्याळ पाहिलं आणि आग झाकायला घेतली. वाफ उतरायला अर्धा तास लागला. तो संपूर्ण अर्धा तास तो बॉयलर सोडून हलला नाही, मीही दारातून हलले नाही. त्या वेळी चार्जचा कागद नव्हता. "दोन नंबरचा वाल्व्ह कोनाला हात लावू देऊ नका," एवढंच म्हणाला. "आणि पाड्याकडच्या बायांकडनं घरी निरोप द्या. मी घरी जात नाय."

मी धावत ऑफिसात आले आणि साध्या कागदावर त्याच्या साहेबांच्या नावे लिहिलं: पत्र अमुक तारखेला आलं, बारा दिवस मी दाबून ठेवलं, यात यांचा काही दोष नाही. खाली पूर्ण नाव आणि सही. गेटवर त्याला गाठून कागद दिला. त्याने तो खिशात घातला आणि आपली काळी ट्रंक उचलून रस्त्याला लागला.

शेठ दुपारी आले तेव्हा बॉयलर थंड आणि तिरंगी फुग्यांचे साचे ओले लटकलेले. बायका वाडीत बसून होत्या, आत यायला तयार नव्हत्या. "बेन, पत्र आव्युं क्यारे?" शेठनी विचारलं.

"आज," मी म्हटलं. "आजच आलं, शेठ."

सही करून गेटवर कागद देणारी मीच आणि काही तासांत हे बोलणारीही मीच. नोकरी गेली तर वडिलांच्या औषधाचं काय, हे एवढंच डोक्यात होतं. शेठनी टेबलावर हात आपटला. "परत आव्यो तर गेटवरूनच पाठवून द्या. कायदा त्याला सांगू दे कोर्टात." उंबरगावहून दुसरा माणूस आणला, तो दिवसभर तंबाखू मळायचा आणि गेजकडे पाठ करून बसायचा. बायका तीन दिवसांनी आल्या, पोट कोणाला चुकलंय? मी दोन महिने दोन गोष्टींची वाट पाहत होते: पलटणीकडून शेठना येणारं पत्र, आणि पोस्टकार्ड. दोन्हीपैकी काहीच आलं नाही. पोस्टकार्ड न येण्याचा मला जास्त त्रास झाला.

मेच्या मध्यावर तो सकाळीच गेटवर उभा. दाढी केलेली, काळी ट्रंक हातात. शेठनी त्याला वीस मिनिटं उभा ठेवला, बोल बोल बोलले. पण उंबरगावच्या माणसाने तोवर दोनदा पाणी कमी करून बॉयलर तापवला होता, ते शेठनाही ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "जा, लाग कामाला. आ छेल्ली वार, पुढच्या वेळी नाही." फौजी "जी साब" म्हणून मागे वळला.

मी दुपारपर्यंत धीर गोळा केला आणि बॉयलरच्या खोलीत गेले. तो दोन नंबरचा वाल्व्ह उघडून साफ करत होता.

"फीत?" मी विचारलं.

"नाय भेटली. केडर सुरू झालेलं. उशिरा आलेला चालत नाय."

"पण माझी चिठ्ठी? साहेबांनी वाचली नाही?"

"दिलीच नाय." त्याने फडकं पिळलं. "साहेबांनी शिक्का बघितला. इचारलं, कारखान्यात बारा दिवस कागद होता, तुला कधी भेटला? मी बोललो, त्याच दिवशी भेटला. मीच थांबलो, काम होतं."

हा माणूस मांजरीच्या दुधाचीसुद्धा खोटी नोंद करणार नाही, आणि त्याने आपल्या साहेबासमोर, शेवटच्या संधीच्या वेळी, माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. "का पण?" मी विचारलं. "मी सही करून दिलं होतं ना? मला भोगू द्यायचं होतं."

"मग साहेबांचं पत्र शेठला आलं असतं, ताई. शेठनं तुमाला काढलं असतं." तो पुन्हा वाल्व्हवर वाकला, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसला नाही. "माझ्या दोन नोकऱ्या हायेत. एकीत मार खाल्ला तरी दुसरीत उभा ऱ्हातो. तुमाला तर एकच हाय."